भाकरीखालची काडतुसं

पुतण्या नांदेडला हॉस्टेलवर राहून शिकतो. त्याने परवा एक मजकूर पाठवला. माझ्याकडे तो आधीच तिघांकडून आला होता. युद्धाच्या विज्ञानकथांमधली अहिंसक पात्रं म्हणजे निव्वळ ढोंग, असा त्याचा सूर. म्हणणं असं की ही माणसं दुसऱ्याच्या बंदुकीच्या आडोशाला बसून उपदेश करतात, आणि कथा ही गोष्ट लपवून ठेवते. जिवावर बेतलं की तीही हत्यार उचलतात, म्हणजे तत्त्व पोकळच होतं. आणि निर्दय शत्रूपुढे शेवटी बंदूकच प्रश्न सोडवते. पुतण्याने खाली लिहिलं होतं, "काका, चूक काय आहे ह्यात?"

बरंच चूक आहे.

पहिला आरोप आडोशाचा. त्यासाठी 'स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स' या मालिकेतल्या २००९ सालच्या भागांचा दाखला दिलाय. मारिडून ग्रहावर लर्मेन नावाची छोटी जमात युद्धापासून दूर येऊन वसलेली असते. शत्रूचा सेनापती नवं अस्त्र त्यांच्याच गावावर आजमावायला निघतो, तरी त्यांचा म्हातारा प्रमुख टी वॉट का गावाला लढायला मनाई करतो. गाव वाचवतात जेडाय योद्धे आणि त्यांचे क्लोन सैनिक. शेवटी म्हातारा त्यांचे आभार मानतो आणि त्याच दमात विचारतो, याची किंमत काय पडली? मजकूर लिहिणाऱ्याला हा कृतघ्नपणा वाटतो. मला वाटतं, त्या गावात हा प्रश्न विचारणारं कोणीतरी उरलंय हेच मोठं आहे. ज्याचं रक्षण झालं त्याने रक्षणाची किंमत विचारायचीच नाही, असा नियम केला तर मग ती विचारायची कोणी?

आडोशाचं म्हणाल तर तो माझ्या घरातलाच विषय आहे. १९४८ साली माझे आजोबा पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात ज्वारीच्या भाकरी पोचवायचे. बंदूक हातात धरणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते पाळलंही. पण भाकरीच्या गाठोड्यात तळाला कधीकधी काडतुसं असायची. ते आजोबांना माहीत होतं. पुढे गावाने सत्कार ठेवला तेव्हा भाषणात कोणीतरी त्यांना अहिंसेचे पुजारी म्हणालं. आजोबांनी मध्येच उठून काडतुसांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ढोंगी माणूस ती काडतुसं लपवतो. आजोबांनी आयुष्यभर त्यांचा हिशेब उघडा ठेवला. एकाच माणसाच्या गाठोड्यात भाकरी आणि काडतुसं दोन्ही असू शकतात, एवढं तरी त्या मजकुराने समजून घ्यायला हवं होतं.

कथा हे लपवतात, हा दुसरा आरोप तर सरळसरळ खोटा आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा नायक डॉक्टर बंदूक बाळगत नाही. २००८ च्या एका भागात त्याचा शत्रू डाव्रोस त्याच्या तोंडावर सांगतो की तू स्वतः शस्त्र धरत नाहीस, पण साध्या माणसांची शस्त्रं बनवतोस. ज्याने डालेक या निर्दय मारेकऱ्यांची फौज घडवली, त्याच्याच तोंडी लेखकांनी हा आरोप घातला, आणि डॉक्टरकडे त्यावर उत्तर नाही. त्याच्यासाठी मेलेल्यांचे चेहरे त्याला आठवत राहतात. मजकूर लिहिणाऱ्याला आज जे सापडलं, ते त्या कथेने कधीच मांडून ठेवलंय.

तिसरा मुद्दा खरा जड आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या १९७२ च्या 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' या लघुकादंबरीतले परग्रहावरचे जंगलवासी माणूस मारणं जाणतच नाहीत. पृथ्वीवरून आलेले लोक त्यांना गुलाम करतात, जंगल तोडतात. मग त्यांच्यातला सेल्व्हर आपल्या लोकांना मारायला शिकवतो, आणि ते जिंकतात. यावरून अहिंसा पोकळ होती असं म्हणणाऱ्याने शेवट वाचलेला नसावा. शेवटी सेल्व्हरला कळलेलं असतं की मारायची विद्या आता परत करता येणार नाही, ती त्याच्या लोकांत राहणार. आधीची अहिंसा पोकळ असती, तर हे दुःख कशाचं असतं?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या एका मास्तरांनी तो मला समजावला होता. गरज म्हणून हत्यार उचललं तरी इच्छेला दिलेला नकार खोटा ठरत नाही. मात्र प्रत्येक इच्छा गरजेचा मुखवटा घालून येते, म्हणून तिला रोज तपासावं लागतं. ही तपासणी करायलाच कथेत असं पात्र लागतं.

आपल्याकडचंच पाहा. हैदराबाद स्टेट काँग्रेसने १९३८ साली निजामाच्या राजवटीविरुद्ध सत्याग्रह केला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. दहा वर्षांनी त्याच चळवळीचे सशस्त्र कॅम्प सरहद्दीवर उभे होते. या कॅम्पवाल्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर हल्ला केला तो दिवस ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. या माणसांना ढोंगी म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

निर्दय शत्रूपुढे अहिंसा चालत नाही, हे काही वेळा खरं आहे. एरिक फ्रँक रसेल यांच्या १९५१ च्या कथेत एका ग्रहावरचे लोक 'मी करणार नाही' एवढ्याच उत्तरावर साम्राज्याचं जहाज हतबल करतात. हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९८८ च्या कथेत भारत नाझींच्या ताब्यात जातो आणि तिथे गांधीजींचा मार्ग गोळीपुढे हरतो. मला दुसरी कथा जास्त खरी वाटते. रसेल यांनी शत्रू सोयीचा, बराचसा मवाळ घेतलाय. असं करणारे लेखक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर मजकुराने केलेली टीका मला मान्य आहे.

पण "बंदूकच प्रश्न सोडवते" हे मराठवाड्यात बसून लिहायचं? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, रझाकारांचा जाच संपला. भारताचं सैन्य आलं नसतं तर तो कधी संपला असता कोण जाणे, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं, ते केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. समितीच्या अंदाजाने पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे या लष्करी कारवाईच्या, काळात आणि त्यानंतर हैदराबाद राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

पुतण्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आजोबा कॅम्पातून परत आले तेव्हा आपल्या गावात काय झालं होतं?" मी त्याला दिवाळीत गावी बोलावलंय. आमच्या चुलत आजीला आठवतं अजून.