गाणे ऐकवले की कोमातला रुग्ण जागा होतो?

मेंदूला जबर मार लागून कोमात गेलेल्या माणसाच्या कानाला हेडफोन लावून त्याचे आवडते गाणे दिवसभर वाजवत ठेवा, म्हणजे तो शुद्धीवर येतो. गाण्याने डोळ्यांत पाणी आले तर त्याला ओळख पटली. आणि हे औषध नसल्यामुळे अपायाचा प्रश्नच नाही, अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे.

मुळात ‘कोमा’ हा शब्दच येथे सैलपणे वापरला आहे. कोमात डोळे मिटलेले असतात आणि ही अवस्था सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. पुढे काहींचे डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र सुरू होते, पण जाणिवेची खूण दिसत नाही. तर काहीजण अधूनमधून नजरेने वस्तूचा माग घेतात किंवा साधी सूचना पाळतात. या किमान जाणिवेच्या अवस्थेचे निकष २००२ मध्ये ठरले.

गाण्याने शुद्ध येते, हा दावा टिकत नाही. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक रुग्ण आपसूक सुधारतात, आणि त्याच काळात गाणे चालू असले की श्रेय गाण्याला जाते. अमँटाडीन या औषधाची १८४ रुग्णांवरील चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा औषध घेणाऱ्यांची सुधारणा अधिक वेगाने झाली खरी, पण नुसती बिनऔषधाची गोळी मिळालेलेही सुधारले होते. अशी तुलना केल्याशिवाय गुण कशाचा हे ठरत नाही, आणि संगीताने शुद्ध परत येते असे सिद्ध करणारा तेवढा भक्कम पुरावा आज नाही.

अश्रूंचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. अश्रू, कण्हणे, चेहरा वेडावाकडा होणे हे सारे जाणीव नसतानाही प्रतिक्षिप्तपणे घडू शकते. म्हणून प्रशिक्षित संगीतोपचारक रुग्णाच्या श्वासाच्या लयीत गिटार छेडतो, त्याचे नाव गुंफून गातो, मग थांबतो आणि वाट पाहतो. वाद्य डावीकडून उजवीकडे नेताना नजर मागे येते का, हे वेगवेगळ्या दिवशी पुन्हापुन्हा पाहून नोंदवतो. ‘मॅटाडॉक’ ही मोजपट्टी याचसाठी आहे. संगीताचा खरा उपयोग मला येथेच दिसतो, कारण नुसत्या पाहणीत चूक होते: २००९ च्या एका अभ्यासात जाणीव नाही असे डॉक्टरांनी एकमताने ठरवलेल्या ४४ जणांपैकी १८ जणांत प्रमाणित तपासणीनंतर जाणिवेच्या खुणा सापडल्या.

अपाय नाही, हेही खरे नाही. सततच्या आवाजाने झोप मोडते, थकवा येतो, आणि काही रुग्णांत बाहेरच्या उत्तेजनाने नाडी व रक्तदाब एकदम चढून दरदरून घाम फुटतो. शिवाय हेडफोन लावलेल्या माणसाला आवाज कमी करा, असे सांगता येत नाही. तेव्हा गाणे थोडा वेळ, हलक्या आवाजात आणि नर्सला सांगून लावावे. नंतरची शांतताही त्याला मिळू द्यावी.