काकूंची पैठणी आणि विंडोज ११

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ला. तेव्हा नाशकात सिंहस्थाचं ध्वजारोहण होऊन पंधरवडा झाला होता आणि मी गळ्यात दोन कॅमेरे अडकवून रामकुंडावर जागा धरायच्या खटपटीत होतो. त्यामुळे ते कधी आलं ते मला कळलंच नाही. ते जाणार हे मात्र मला सगळ्यांनी सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२५नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद. दूधवाल्यापासून भाच्यापर्यंत प्रत्येक जण विचारायचा, "काय, बदललं का?"

बदलणार कधी? गणपतीत काम. पितृपक्षात मला सवड होती, तर आई म्हणाली, "नवीन आहे ना? मग सर्वपित्री होऊन जाऊ दे." नवरात्रात कालिका देवीची यात्रा. दसऱ्याला कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड मांडून त्यांच्या ओळीत कॉम्प्युटरचीही पूजा झाली. हळदकुंकू, आपट्याची पानं, झेंडू. एक पाकळी एंटरच्या बटणाखाली शिरली ती अजून तिथेच आहे, एंटर दाबलं की किंचित चुरचुरते. ज्याला काल ओवाळलं त्याचं सगळं आज पुसायचं, हे माझ्या जिवावर आलं होतं. पण भाचा सुट्टीवर आला होता आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती.

"मामा, नुसतं अपग्रेड नको. क्लीन इन्स्टॉल करू. जुना कचरा सगळा जाईल."

हा कचरा म्हणजे माझी दहा वर्षांची बसलेली घडी.

आधी कॉम्प्युटरची पात्रता तपासली. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. प्रोसेसर पास झाला, टीपीएममध्ये नापास. एका दुकानदाराला फोन केला तर त्याने प्रश्न पुरता ऐकायच्या आत "नवीनच घ्या भाऊ, दिवाळी ऑफर आहे" असं सांगितलं. भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ 'डिसेबल्ड'ची 'एनेबल्ड' केली. टीपीएम कॉम्प्युटरमध्ये पहिल्यापासून होतं, झोपलेलं होतं. दुकानदाराला उलट फोन करून हे सांगावं असं फार वाटलं, पण मेमरी कार्डं त्याच्याकडूनच घ्यायची असतात.

मग बॅकअप. आमच्या धंद्यात नियम असा की तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत सिन्नरला बहिणीकडे असते, फडताळात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. आता एकेक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा फोटो, २५-३० एमबीची. लग्नं एक वेळ परवडली, पक्षी परवडत नाहीत. रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव जाहीर झालं ते २०२० साली आमच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं, आणि तेव्हापासून तिथे मला पक्ष्यांपेक्षा लेन्सा जास्त दिसतात. एक फ्लेमिंगो उडाला की बटण सोडवत नाही, आणि घरी येऊन पाहावं तर एकाच पंखाच्या शेकडो फायली. हे सगळं डिस्कवरून डिस्कवर जाताना घरातले लोक ती हिरवी पट्टी बघायला येऊन जायचे, गोदेला पूर आला की पाणी मूर्तीच्या कुठवर चढलं ते बघायला दुतोंड्या मारुतीपाशी जातात तसे. "कमरेला लागलं का?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची. "छातीला आलंय," मी सांगायचो.

इन्स्टॉल व्हायला मात्र त्यामानाने काहीच वेळ लागला नाही. स्टार्टचं बटण डावीकडून उठून मधोमध येऊन बसलं. "छान दिसतंय की," असं म्हणून घरच्यांनी विषय संपवला. मी फोटोंचा कॅटलॉग उघडला.

प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह.

इथे थोडं सांगायला हवं. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. कुठला फोटो कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आणि त्याच्यावर आपण काय काय संस्कार केले, याची ती नुसती वही. जुन्या विंडोजमध्ये लग्नं 'ई'वर होती, पक्षी 'एफ'वर आणि सिंहस्थ 'जी'वर. नव्याने स्वतःच्या मनाने अक्षरं वाटली. फोटो जागच्या जागी, पत्ता तेवढा चुकलेला. कुंभमेळ्यात माणसं हरवतात, भोंग्यावरून दिवसभर नावं पुकारतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण २९ ऑगस्ट २०१५चं पहिलं शाहीस्नान, तिन्ही आखाडे, हत्ती-घोडे, पोलिसांच्या शिट्ट्या, हे सगळं एकदम हरवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "सापडतील हो," आई म्हणाली. तिला वाटलं कोणीतरी खरंच हरवलंय. भाच्याने डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ज्याचं अक्षर त्याला परत दिलं. साधू आले, नवरदेव आले, फ्लेमिंगोही आले.

पण सगळ्यांचे रंग भडक! नवरदेवांचे गाल साधूंच्या कफनीइतके तांबूस. हे मला अपेक्षित होतं. माझा मॉनिटर रंग कुठे वाढवतो, कुठे खातो याची नोंद एका प्रोफाइलमध्ये असते, आणि नव्या कोऱ्या विंडोजला ती नोंद ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती करायला, म्हणजे मॉनिटर कॅलिब्रेट करायला, काचेवर लटकवायचं एक यंत्र माझ्याकडे आहे. त्याचं जुनं सॉफ्टवेअर चालेना, नवं शोधून घातलं. स्क्रीनवर लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येत राहिले आणि ते यंत्र गंभीरपणे बघत राहिलं. दुपारपर्यंत रंग जागेवर. मी काकूंना फोन केला, संध्याकाळी या, अल्बम फायनल करून टाकू.

काकू म्हणजे मे महिन्यातल्या एका लग्नातल्या वधूमाय. आल्या, चहा झाला, पहिला फोटो उघडला.

"भाऊ, ही कोणाची पैठणी?"

"तुमचीच, काकू."

"माझी राणी कलरची आहे. येवल्याहून आणलीय, माग बघून. ही डाळिंबी दिसतेय."

डाळिंबीच दिसत होती. वर पांढरा मंडप दुधी हळदीचा झाला होता. दुपारी बरोबर होतं हो, असं सांगितलं तर काकू नुसत्या हसल्या. फोटोग्राफरांचं बरंच काही दुपारी बरोबर असतं, असं ते हसणं होतं. दुसऱ्या दिवशी मी सकाळी पाहिलं, राणी. संध्याकाळी पाहिलं, डाळिंबी. मी यंत्र पुन्हा लटकवलं, केबल बदलली, ट्यूबलाइट बदलली, चष्म्याचा नंबरही तपासून आलो. काकू तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पैठणीच घेऊन आल्या, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली, आणि पदर उलगडून मॉनिटरशेजारी धरला. एका बाजूला जरीचे मोर, दुसऱ्या बाजूला स्क्रीनवर तेच मोर, आणि दोन्ही मोरांची एकमेकांशी ओळख नाही.

तेवढ्यात भाचा डबा घेऊन आत आला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मामा, नाइट लाइट मीच लावून ठेवलाय. सूर्यास्त झाला की आपोआप पिवळं होतं. तुझ्या डोळ्यांसाठी."

भाच्यांना मारू नये असं शास्त्र आहे. मी सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद केलं. निळा परत आला आणि पैठणी क्षणात राणी झाली. पदर आणि स्क्रीन, दोन्ही एक. मी विजयी मुद्रेने काकूंकडे वळलो.

काकू पदर घडी घालता घालता स्क्रीनकडे बघत होत्या. "हं, आहे बरोबर," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मघाचं कसं सोन्यासारखं दिसत होतं नाही? सगळे चेहरे कसे उजळल्यासारखे. अल्बमला तसंच करा, भाऊ."

"साडी डाळिंबी दिसेल, काकू."

"दिसू दे. विहीणबाईंना काय ठाऊक."

तेव्हापासून मी सगळ्या अल्बमची पानं एकेक करून पिवळी करतोय, नाइट लाइट बंद ठेवून, हाताने. पहिली काही पानं लॅबला पाठवली. तासाभरात तिथल्या मुलाचा फोन आला. जरा चाचरतच बोलत होता.

"भाऊ, राग मानू नका, पण एकदा मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या."