ते गाणं लॉर्ड किचनरचं नव्हे

क्रिकेटच्या गप्पांत एक मेसेज पुन्हा फिरतोय : 'क्रिकेट, लव्हली क्रिकेट' आणि सुनील गावसकरांवरचं कॅलिप्सो (त्रिनिदादचा गीतप्रकार), दोन्ही गाणी तिथल्या लॉर्ड किचनर या गायकाची, आणि तो जन्मभर लंडनलाच राहिला.

तिन्ही गोष्टी चूक. गावसकरांवरचं गाणं लॉर्ड रिलेटरचं. 1971 च्या वेस्ट इंडीजमधल्या मालिकेत गावसकरांच्या चार कसोटींत 774 धावा निघाल्या, तेव्हा त्रिनिदादमध्येच ते जन्मलं. 'क्रिकेट, लव्हली क्रिकेट' हे 1950 मध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडीज जिंकल्यावर आलेलं गाणं लॉर्ड बिगिनरचं. फिरकीपटू रामाधीन आणि व्हॅलेंटाइनने इंग्लंडला गुंडाळलं तीच कसोटी. गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण त्या दिवशी गिटार घेऊन मैदानात गात-नाचत फिरणाऱ्या जमावाच्या पुढे होता तो किचनरच. शिवाय किचनर आणि बिगिनर दोघे 1948 साली 'एम्पायर विंडरश' या एकाच जहाजातून इंग्लंडला आले होते. (या सगळ्यांच्या नावामागचं 'लॉर्ड' हे कॅलिप्सोवाल्यांनी स्वतःच लावलेलं, राणीने दिलेलं नव्हे!)

किचनर, म्हणजे त्रिनिदादमधल्या अरिमाचा ऑल्डविन रॉबर्ट्स, बोटीत बसला तेव्हा नवखा नव्हता. त्रिनिदादमध्ये त्याचं नाव झालेलं होतं. इंग्लंडच्या टिलबरी बंदरात उतरताना कॅमेऱ्यासमोर त्याने लंडनची स्तुती गायली, ती चित्रफीत आजही दाखवतात. बहुधा तिच्यामुळेच तो लंडनकर ठरला. प्रत्यक्षात तो काही वर्षं मँचेस्टरला राहिला आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी परतला. 1963च्या कार्निव्हलमध्ये 'रोड मार्च'चा, म्हणजे मिरवणुकीत सर्वाधिक वाजलेल्या गाण्याचा, मान त्याच्याच गाण्याला मिळाला, 1975 मध्ये तो तिथल्या स्पर्धेत कॅलिप्सो सम्राट झाला. 2000 साली तो वारला, तोही त्रिनिदादमध्येच.