साधं काहीतरी

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला निघाली तेव्हा दारात एकच वाक्य बोलली, "रोज बाहेरचं मागवू नका हं, घरी साधं काहीतरी करत जा." साधं! हा मराठीतला सर्वांत फसवा शब्द आहे. ते कळायला मला पंधरा दिवस लागले, आणि एक घसा.

पंधरा दिवस मी डबा लावून पाहिला. त्यातल्या भाजीचं नाव रोज बदलायचं, रस्सा मात्र पहिल्या दिवशीचाच असावा. सोळाव्या दिवशी पिशवी काखोटीला मारली आणि महात्मा फुले मंडई गाठली. ती दगडी इमारत १८८६ सालची. जन्म पुण्यात गेला, पण माझ्या लेखी मंडई म्हणजे विसर्जनाची मिरवणूक जिथून सुरू होते ती जागा. तिथे भाजीही मिळते, हे बायकोचं खातं होतं.

श्रावणाची सर नुकतीच पडून गेलेली. अळूच्या पानांवर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळत होते. मी भुललो.

"भाजीचा का वडीचा?" मावशींनी विचारलं.

"साधा द्या."

मावशींनी मला नखशिखान्त न्याहाळलं. बायको गावाला गेल्याचं नवऱ्याच्या कपाळावर उमटत असावं. मग काळ्या देठाचा वडीचा, हिरव्या देठाचा भाजीचा, असा एक पाठ झाला. जुडी पिशवीत टाकताना त्या म्हणाल्या, "संगं आंबट चुका न्या, काका."

मी मनात हसलो. गळ्यात मारतायत! चुका घेतला नाही. (प्रश्न गळ्याचाच होता, फक्त त्यांना तो आधी कळला होता.)

घरी येऊन देठं सोलायला बसलो. पाच मिनिटांत बोटं खाजायला लागली. त्या बोटांनी नाक खाजवलं, मग नाकही खाजायला लागलं. बायकोला फोन लावला. पलीकडे नातू टाहो फोडत होता. "हाताला तेल नाही का लावलंत?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तेल लावलं. मग विळीही हातातून निसटायला लागली.

तरी भाजी झाली. बेसन लावलं, गूळ घातला, वरून फोडणी दिली. डाळ-दाणे आदल्या रात्री भिजवायचे असतात, ते दाणे पातेल्यात शिजायला टाकल्यावर समजलं. ते शेवटपर्यंत कवायतीतल्या पोलिसांसारखे ताठ राहिले. पण पहिला घास खरंच छान लागला. दुसराही. तिसऱ्याला घशातून कुणीतरी काथ्या ओढतंय असं वाटायला लागलं.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अणकुचीदार स्फटिक असतात. बत्तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. स्फटिकांच्या आकृत्या फळ्यावर इतक्या सुबक काढायचो की मुलं टाळ्या वाजवत. त्यातला एकही स्फटिक तोवर गळ्याखाली उतरला नव्हता.

पुन्हा फोन. माझा आवाज ऐकून तिनं आधी "कोण बोलतंय?" असं विचारलं. मग म्हणाली, "अहो, चिंच घातलीत ना?"

मी गप्प.

"निदान चुका तरी?"

"चुका झाल्या," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मावशींसमोर जाऊन उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आंबट चुक्याची जुडी पुढे केली. "बसला ना घसा?" पैसे देताना मी वर पाहिलं नाही.

या खेपेला हरभऱ्याची डाळ आणि दाणे रात्रभर भिजवले. मुळ्याच्या फोडी घातल्या. अळू आणि चुका एकत्र शिजवून रवीनं इतका घोटला की खांदा भरून आला. वर चिंचेचा कोळ, आपलं जपून असावं म्हणून. गूळ, गोडा मसाला. शेवटी मेथीदाणे, हिंग आणि सुक्या मिरच्यांची फोडणी, आणि ती पातेल्यात ओतल्यावरचा तो चर्रर्र आवाज! तो आवाज माझ्या हातून निघाला, याचं मला आजतागायत कौतुक आहे. हिरवंगार, तकाकणारं फदफदं गरम भातावर घेतलं आणि पहिला घास घेऊन थांबलो. घसा काही म्हणेना. मग मीही घशाला काही विचारलं नाही. दाणे मऊ, डाळ मऊ, आंबट-गोड बरोबर एकमेकांच्या कह्यात. तीनदा भात घेतला. रिकाम्या घरात पंगतीतल्यासारखा मीच मला आग्रह करत होतो, "घ्या हो, एवढंसं काही नाही होत."

बायकोला फोटो पाठवला. उत्तर आलं, "ओटा पुसलात का?"

आता मंडईत मी शनिवारचा गिऱ्हाईक आहे. परवा शेजारी एक गृहस्थ उभे होते, पिशवी कोरी करकरीत. मावशींनी विचारलं, "भाजीचा का वडीचा?" ते म्हणाले, "साधा द्या." मावशींनी चुका पुढे केला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं आणि त्यांनी ठामपणे मान हलवली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी कोथिंबीर निवडायला लागलो. ज्याचा त्याचा घसा.