गोळ्यांनी एचआयव्ही पसरत नाही, थांबतो

मावशीने पाठवलेल्या संदेशाचा आशय असा: आपल्या देशात एचआयव्ही जेमतेम ०.२ टक्के लोकांना आहे आणि तोही आकडा फुगवलेला. तरी सरकार फुकट गोळ्या देऊन रुग्णांना जगवते व ते रोग पसरवत फिरतात. संशोधनाच्या नावाखाली परदेशी लोक आपल्यावर प्रयोग करतात. शिवाय डासांमुळेही लागण होते. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. पण शेजारच्या ज्या मुलाने विश्वासाने आपला आजार मावशीला सांगितला होता, त्याला तिने परवा चहा कागदी कपात दिला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा गोळ्यांचा, आणि तो साफ उलटा आहे. औषध नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके घटले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासात दोघांपैकी एकालाच लागण असलेली १,७६३ जोडपी होती. सुमारे निम्म्यांना औषध लगेच दिले गेले, उरलेल्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सीडी४ पेशी (एचआयव्ही नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) बऱ्याच घटल्यावर. २०११ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा जोडीदाराकडूनच झाल्याचे जनुकीय तपासणीत ठरलेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या, लगेच मिळालेल्या गटात एक.

हा अभ्यास झालेल्या नऊ देशांत भारत होता. पुणे आणि चेन्नई येथील जोडपी त्यात होती. फरक स्पष्ट दिसताच निष्कर्ष मुदतीआधी जाहीर करून दुसऱ्या गटालाही औषध देऊ केले गेले. औषधचाचण्यांत संमतीची हेळसांड झाल्याच्या तक्रारी आपल्याकडे झाल्या आहेत, हे खरे. त्यावरून सगळेच संशोधन फसवणूक ठरत नाही.

आकडा फुगला होता, हे मात्र नाइलाजाने अर्धे मान्य करावे लागते. पन्नास लाखांहून अधिकचा जुना अंदाज २००७ मध्ये सुमारे २५ लाखांवर आला. पण देशव्यापी सर्वेक्षणातील रक्ततपासण्या हाती आल्यावर तो खाली आणला सरकारी यंत्रणेनेच. आजचे ०.२ टक्के म्हणजेही २५ लाखांच्या आसपास माणसे, आणि ही सरासरी फसवी आहे: मिझोरममध्ये प्रमाण २ टक्क्यांहून अधिक आहे आणि सुईने नशा करणाऱ्यांत तर देशाच्या सरासरीच्या कित्येक पट. निर्जंतुक सुया, निरोध आणि तपासणी यांवरचा पैसा तिथेच लागतो.

डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, पचून जातो. कपाने तर तो मुळीच पसरत नाही, एवढे मावशीला फोनवर सांगितले आहे.