भिंत त्यांची, घाम आमचा

स्क्वॉशचं कोर्ट कुठल्याही गावी सारखंच असतं, असं आमच्या कर्नलसाहेबांचं ठाम मत आहे. मताला आधारही आहे. लांबी ९.७५ मीटर, रुंदी ६.४ मीटर, समोरच्या भिंतीच्या तळाशी ४८ सेंटिमीटर उंचीचं टिन, म्हणजे चेंडू लागला की पॉइंट गेलाच अशी पट्टी, आणि वर ४.५७ मीटरवर आऊटची रेघ. "क्रिकेटवाल्यांनी खेळपट्टीच्या नावानं रडावं, फुटबॉलवाल्यांनी प्रेक्षकांच्या. आपल्याला रडायला जागाच ठेवलेली नाही," असं ते म्हणतात. बाहेरच्या क्लबांत सामन्याला जाताना म्हणतात. येताना ट्रकमध्ये कुणीच काही बोलत नाही.

नियमपुस्तकात रुंदी दिलेली असते, पण भिंतीला रंग कधी दिला ते नसतं. पावसाळी हवेत ती भिंत घामेजते आणि चेंडू तिच्यावरून उसळण्याऐवजी घसरत येतो, हेही नसतं. डाव्या मागच्या कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी गिलाव्याचा ठिगळ मारलेला आहे आणि त्याच्यावर चेंडू आपटला की जागीच प्राण सोडतो, हे तर अजिबात नसतं. ते फक्त त्या क्लबाच्या सभासदांना माहीत असतं, आणि ते सांगत नाहीत.

आमचा संघ पाच जणांचा. खेळाच्या ताकदीनुसार क्रम लावायचा हा लीगचा नियम असल्यामुळे एक नंबरला हवालदार, दोनला लेफ्टनंट, तीनला मी म्हणजे कॅप्टन, चारला मेजर आणि पाचला कर्नलसाहेब. हुद्द्यांची उतरंड उलटी करून ठेवावी तसा हा कागद दिसतो. वर गंमत अशी की संघाचा कप्तान हवालदार. त्यानं यादीवर सही करायची आणि तिच्यावर प्रतिस्वाक्षरी कर्नलसाहेबांची. हवालदार सही करताना सावधानमध्ये उभा राहतो. पाच नंबरला कोण, हे तो दर वेळी अत्यंत अदबीनं विचारतो. साहेबही जरा विचार केल्यासारखं करून म्हणतात, "मला टाका."

छावणीच्या कोर्टावर साहेब हरत नाहीत. त्यांच्याविरुद्ध खेळताना चेंडू साहेबांच्या रॅकेटपासून फार लांब टाकायचा नाही, हे नवा अधिकारी आल्या आल्या त्याला कुणीतरी कानात सांगतं. साहेब वाटेत उभे असले तर आपण थांबायचं आणि आपणच म्हणायचं, "सॉरी सर." म्हणून बाहेरचे सामने आले की साहेब उत्साहात असतात आणि बाकी चौघं काळजीत.

आता प्रवास. सामना संध्याकाळी सातला असतो. साहेब म्हणतात, साडेसहाला पोचू. मेजर त्यात आपला अर्धा तास घालतात, कारण साहेबांच्या आधी पोचलेलं बरं. हवालदार मेजरांच्या वेळेत अर्धा तास घालतो. ट्रकचा ड्रायव्हर रस्त्याचा भरवसा नाही म्हणून स्वतःचा एक तास घालतो. रस्ता मात्र दगा देत नाही, आणि आम्ही साडेचारला क्लबाच्या बंद दारासमोर फॉल-इन होतो. लष्करी ट्रक दारात उभा राहिला की आजूबाजूच्या खिडक्या उघडतात. एकदा समोरच्या गच्चीवरून एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "घरं रिकामी करायचीत का?" हवालदारानं खालून सांगितलं, "नाही आजोबा, स्क्वॉश." आजोबांचं समाधान झालं नाही. थोड्या वेळानं ते एक पिशवी भरून खाली आले.

रिकामे अडीच तास समोर दिसले की साहेबांच्या हाताला खाज सुटते. वाहनतळावर वॉर्मिंग-अप सुरू होतं. धावा, उड्या, बैठका. सातला आम्ही सडकून तापलेले आणि निम्मे संपलेले असतो. पावणेसातपर्यंत यजमानांपैकी एकाचाही पत्ता नसतो. मग ते कामावरून एकेक करून येतात. एक जण गळ्यातला टाय सोडत येतो, एक जण फोनवर कुणाला तरी "अर्ध्या तासात मोकळा होतो" असं सांगत येतो. तो अर्धा तास म्हणजे मी, हे मला उशिरा समजतं.

माणसं तापलेली, पण चेंडू गार. स्क्वॉशचा चेंडू हे एक वेगळंच प्रकरण आहे. चाळीस मिलिमीटरचा, २४ ग्रॅमचा पोकळ रबरी गोळा. सामन्याच्या चेंडूवर दोन पिवळे ठिपके असतात, म्हणजे सगळ्यांत कमी उसळणारा. गार असताना तो जमिनीवर टाकला तर तिथेच बसतो. त्याला भिंतीवर बडव बडव बडवायचं. रबर दबून सुटतं, तापतं, आतली हवाही तापते, तेव्हा कुठे तो हलायला राजी होतो. थंडीच्या दिवसांत काही क्लबांची कोर्टं अशी गारठलेली असतात की पहिला गेम संपेपर्यंत चेंडू मनावरच घेत नाही. आमचा हवालदार म्हणून ट्रकमध्येच चेंडू मुठीत धरून बसतो. खड्डा आला तरी मूठ उघडत नाही. पण सामन्याचा चेंडू द्यायचा मान यजमानांचा, त्यामुळे ती ऊब वाया जाते. यजमान आपल्या पिशवीतून नवा, बर्फासारखा चेंडू काढतात आणि हसून म्हणतात, "करा गरम."

आमचा लेफ्टनंट म्हणजे पलटणीचं भूषण. पाठीवर बोजा घेऊन वीस किलोमीटर पळाला तरी शेवटी गाणं म्हणेल असा गडी. त्याच्या वाट्याला एका सामन्यात जे गृहस्थ आले त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चश्मा होता आणि रॅकेटच्या मुठीला गुंडाळलेली पट्टी लोंबत होती. कोर्टात शिरताना त्यांनी एक हात दाराला धरला. लेफ्टनंटनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती.

गृहस्थ कोर्टाच्या मध्यावर, टीवर, जाऊन उभे राहिले आणि नंतर तिथून फारसे हललेच नाहीत. लेफ्टनंटनं पहिला चेंडू असा हाणला की काचेमागे बसलेल्यांनी मान मागे घेतली. गृहस्थांनी नुसती रॅकेट आडवी धरली. चेंडू समोरच्या भिंतीला टेकला, टिनच्या बोटभर वर, आणि खाली उतरून बसला. लेफ्टनंट धावत पुढे गेला. पुढचा चेंडू त्यांनी उंच लॉब केला. त्या कोर्टावर वर एक तुळई आहे. तिला चेंडू लागला तर आऊट. त्यांचा लॉब तुळईच्या खालून, मध्ये जेमतेम हात शिरेल एवढ्या फटीतून जायचा आणि मागच्या कोपऱ्यात त्या ठिगळावर जाऊन पडायचा. लेफ्टनंट धावत मागे. मग परत ड्रॉप. लेफ्टनंट धावत पुढे. वीस किलोमीटर तो सरळ रेषेत पळतो हो. इथे दर दोन पावलांना वळायचं, वाकायचं आणि वर काचेमागून कुणाचं तरी "अरेरे" ऐकायचं.

दर तीन-चार पॉइंटांनी गृहस्थांच्या बुटाची नाडी सुटायची. ती ते सावकाश, दोन फासांची गाठ घालून बांधायचे. आम्ही वरून नीट पाहत होतो. नाडी सुटत नव्हती, ते सोडत होते. दुसऱ्या गेमच्या शेवटी लेफ्टनंट भिंतीला टेकला तेव्हा त्यांनी मायेनं विचारलं, "दमलास का रे बाळा? पाणी पी." ११-३, ११-४, ११-२. त्यांतले निम्मे पॉइंट त्यांनी शिष्टाचार म्हणून दिले असावेत. नंतर हात पुसत म्हणाले, "हे अकराचं प्रकरण मला आवडत नाही. पूर्वी नऊला गेम असायचा आणि सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट. खेळ कसा लांबायचा!" प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि अकराला गेम ही पद्धत जागतिक संघटनेनं २००९ मध्ये सरसकट केली. लेफ्टनंटनं त्या संघटनेचे मनोमन आभार मानले.

पण त्या संध्याकाळचा खरा प्रसंग पाचव्या नंबरचा. रेफरी म्हणून यजमानांनी त्यांच्या क्लबातला एक शाळकरी मुलगा बसवला होता. दप्तर बाजूला, मांडीवर गुणांचा कागद, तोंडात पेन्सिल. कर्नलसाहेब दुसऱ्या गेममध्ये मागे अडकले, प्रतिस्पर्ध्यानं पुढे ड्रॉप टाकला, साहेब निघाले, वाटेत प्रतिस्पर्धी. साहेब थांबले. छावणीत अशा वेळी समोरच्यानं माफी मागायची असते. इथे कुणी मागितली नाही. मग त्यांनी वर पाहून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, परवानगी मागितली, तीही रॅली पुन्हा खेळायची.

"लेट, प्लीज."

मुलानं पेन्सिल तोंडातून काढली. "नो लेट."

काचेमागे आम्ही चौघं नकळत उभे राहिलो. हवालदार तर सावधानमध्ये.

"कारण?" साहेबांनी परेडच्या आवाजात विचारलं. त्या आवाजानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाची तुकडी थांबते.

"तुम्ही बॉलपर्यंत पोचलाच नसता, काका."

नियमाप्रमाणे मुलगा शंभर टक्के बरोबर होता. चेंडू परतवता आला असता तरच लेट. मेजरांनी एकदम खोकला काढला. हवालदार छताकडे पाहू लागला. 'काका' हा शब्द त्या चार भिंतींत बराच वेळ फिरत राहिला. स्क्वॉशच्या कोर्टात आवाज फार घुमतो. साहेब काही क्षण मुलाकडे पाहत राहिले आणि मग सर्व्हिस घ्यायला गुमान आपल्या चौकोनात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो एरवी परेडवर वाटत नाही, हे इथे छापल्यामुळे माझं काय होईल ते होवो.

हुद्दा आणि स्क्वॉश यांचं नातं मुळातच असं तिरपं आहे. हवालदार आम्हाला अधूनमधून, अगदी सहज आठवल्यासारखं करून, हाशिम खान यांची गोष्ट सांगतो. पेशावरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचा क्लब होता, तिथे हाशिम यांचे वडील नोकरीला. पोरगं कोर्टाबाहेर गेलेले साहेबांचे चेंडू उचलून आणायचं आणि साहेब सावलीत गेले की अनवाणी खेळायचं. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली, तीही तिशी कधीच ओलांडल्यावर, आणि पुढे एकूण सात वेळा. "आणि त्या क्लबातल्या साहेबांची नावं काय होती सर?" असं हवालदार शेवटी विचारतो. आम्हाला कुणालाच ती माहीत नसतात. हवालदार "असं होय" म्हणून रॅकेटची ग्रिप गुंडाळू लागतो.

दुसऱ्या एका क्लबात ऐन सामन्यात छत गळायला लागलं. थेंब नेमका सर्व्हिसच्या चौकोनात. यजमान म्हणाले, पुढच्या आठवड्यात खेळू. साहेब म्हणाले, "रद्द हा शब्द आमच्याकडे नाही." बादली मागवली गेली. मला तेव्हा टायटॅनिक आठवलं. त्या बोटीवर खाली 'जी' नावाच्या डेकवर स्क्वॉशचं कोर्ट होतं आणि शिकवायला फ्रेडरिक राइट नावाचा व्यावसायिक खेळाडू. आर्चिबाल्ड ग्रेसी नावाच्या एका कर्नलनं त्याच्याबरोबर १५ एप्रिल १९१२ च्या सकाळची वेळ ठरवली होती. आदल्या रात्री हिमनग लागला. जिन्यात दोघं भेटले तेव्हा ग्रेसीनं विचारलं, उद्याचं आपलं रद्दच करावं ना? राइट हो म्हणाला. कोर्टात पाणी शिरलंय हे त्याला ठाऊक होतं, पण तो त्यावर काही बोलला नाही. ग्रेसी वाचले, बिचारा राइट गेला. मी हा किस्सा बादली धरून मेजरांना सांगितला. मेजर म्हणाले, "आपले साहेब असते तर म्हणाले असते, पाणी पोटरीपर्यंत येईस्तोवर एक गेम होतो."

हरल्यानंतरचं आतिथ्य मात्र उत्तम असतं, आणि त्यानंच माणूस जास्त खचतो. मघाशी ज्यांनी आपल्याला मांजरानं उंदराला खेळवावं तसं खेळवलं, तेच आग्रहानं वाढतात. गुडघ्यांना पट्टे बांधलेले गृहस्थ लेफ्टनंटच्या शेजारी येऊन बसले आणि रॅकेट कशी धरावी हे चमच्यावर दाखवू लागले. तो शाळकरी मुलगा गृहपाठ करत बसला होता. कर्नलसाहेब त्याच्याजवळ गेले. आम्ही जेवता जेवता थांबलो. साहेबांनी वहीत डोकावून एक गणित पाहिलं आणि म्हणाले, "हे चुकलंय." मुलानं पाहिलं, खोडलं, म्हणाला, "थँक्यू काका." हिशोब मिटला असावा.

परत आल्यावर अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. छापील फॉर्म एकच, तो सगळ्या मोहिमांना चालतो. 'उद्दिष्ट' या रकान्यात मी 'विजय' लिहिलं. 'साध्य' या रकान्यात 'ओळखी झाल्या'. 'प्रतिपक्षाचे बळ' इथे 'पाच, पैकी एक आजोबा'. 'नुकसान' या रकान्यात खरं तेच लिहिलं : रॅकेट एक, गुडघा एक. मेजरांचा गुडघा त्या ठिगळाच्या कोपऱ्यात वळला होता.

आठवड्याभरात वरच्या कार्यालयातून फॉर्म परत आला. रॅकेटबद्दल काही हरकत नव्हती. गुडघ्यापुढे लाल शाईनं खूण होती आणि समासात शेरा : सदर वस्तू कोणत्या वर्षी वितरित झाली व तिची जमा-नोंद कोणत्या रजिस्टरला आहे, ते तीन प्रतींत कळवावे.