एसएसएल एररवर 'एक ओळ टाका' म्हणणाऱ्यांनो, थांबा जरा

नाशिकच्या डेव्हलपर ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, 'पायथन रिक्वेस्ट्समधे एसएसएल एरर? पाच खात्रीशीर उपाय', आणि खाली 'सेव्ह करून ठेवा, सगळ्यांना पाठवा'. (रिक्वेस्ट्स म्हणजे पायथन कोडमधून वेबवरच्या सर्व्हरशी बोलायची लायब्ररी, आणि एसएसएल म्हणजे ते बोलणं एन्क्रिप्ट करून समोरचा खरा आहे का ते तपासायची सोय.) मी सोडून दिलं असतं, पण काल भाचीने तोच मला पाठवला, 'मामा, पहिला उपाय टाकू का? लगेच चालतंय.' ती पिंपळगावला एका द्राक्ष एक्सपोर्टरकडे कामाला आहे आणि तिची स्क्रिप्ट शेतकऱ्यांची पेमेंटं बँकेच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराला, पाठवते. त्यामुळे आता बोलावंच लागतंय.

पहिला उपाय असा: 'व्हेरिफाय=फॉल्स टाका, एन्क्रिप्शन तसंच राहतं, फक्त चेकिंग बंद होतं, धोका शून्य.' अरे बाबांनो, एन्क्रिप्शन राहतं, पण कोणाशी? मधल्या वायफायवर किंवा राउटरमधे कोणी बसला असेल तर तो स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, पुढे करतो, तुमची स्क्रिप्ट म्हणते चालेल, आणि एपीआय की (पासवर्डसारखा गुप्त कोड), खाते नंबर, रक्कम सगळं व्यवस्थित एन्क्रिप्ट करून त्यालाच देते. तो वाचतो, वाटलं तर बदलतो, मग बँकेला पाठवतो, आणि दोन्हीकडे कोणाला पत्ता नाही. सीबीएस बसस्टँडवर जो पहिला दिसेल त्याच्या हातात सीलबंद पाकीट देऊन 'सील आहे ना' म्हणण्यातला प्रकार. माझ्यावर विश्वास ठेवू नका, रिक्वेस्ट्सचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन उघडा: असं केलं तर कुठलंही सर्टिफिकेट चालवून घेतलं जाईल, नाव जुळत नसलं तरी, एक्सपायर झालेलं असलं तरी, आणि ॲप अशा मधल्या माणसाच्या हल्ल्याला उघडं पडेल. लायब्ररी बनवणारेच सांगतायत. आणि कहर म्हणजे मेसेजमधे पुढचीच ओळ यूआरएललिब३ची (रिक्वेस्ट्सच्या आत चालणाऱ्या लायब्ररीची) वॉर्निंग बंद करायची दिलीये, म्हणजे सहा महिन्यांनी कोड बघणाऱ्यालाही कळायला नको.

बरं, त्याने सगळे एरर जातातही नाहीत. 'राँग व्हर्जन नंबर' येत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही साध्या एचटीटीपीच्या पोर्टवर एचटीटीपीएस बोलताय किंवा प्रॉक्सीचा (मधल्या सर्व्हरचा) पत्ता चुकलाय, तिथे सर्टिफिकेटपर्यंत गाडी जातच नाही.

दुसरा मुद्दा, 'क्रोममधे उघडतं म्हणजे सर्व्हर ठीक, लायब्ररीच बेकार'. नाही हो. सर्व्हरने मधलं म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट (त्याच्या सर्टिफिकेटला विश्वासू मूळ सर्टिफिकेटशी, म्हणजे रूटशी, जोडणारं) पाठवलंच नाही तर क्रोम ते स्वतः शोधून आणतो, रिक्वेस्ट्स आणत नाही, म्हणून 'अनएबल टू गेट लोकल इश्युअर' (सर्टिफिकेट देणारा सापडत नाही) येतं. ओपनएसएसएल या टूलची एस_क्लायंट कमांड शोसर्ट्स लावून चालवा, एकच सर्टिफिकेट आलं तर शंका तिथेच घ्या. सर्व्हर तुमचा असेल तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधे सर्ट.पेमऐवजी फुलचेन.पेम (मधल्या सर्टिफिकेटसकट फाइल) द्या, संपलं. भाचीकडे प्रकार वेगळा निघाला, त्यांच्या ऑफिसचा फायरवॉल मधेच ट्रॅफिक उघडून स्वतःच्या रूटने सही करतो. तो रूट विंडोजला माहीत आहे, पण रिक्वेस्ट्स सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली विश्वासू रूटची यादी वापरते. आयटीवाल्याकडून रूटची फाइल घ्यायची, सर्टिफायच्या यादीत जोडून एक बंडल करायचं आणि व्हेरिफायला त्याचा पाथ द्यायचा, की झालं.

तिसरा, 'तारीख मागे घ्या'. यात अर्धं खरं आहे, मान्य. घड्याळ चुकलं की सर्टिफिकेट 'एक्सपायर्ड' किंवा 'अजून लागू नाही' दिसतं, जुन्या पीसीचा सेल गेला की हे होतंच. पण मग घड्याळ बरोबर करा ना, मागे कशाला?

चौथा, 'टीएलएस १.० चालू करा'. टीएलएस म्हणजे एसएसएलचंच पुढचं रूप, आणि १.० ही त्याची जुनी आवृत्ती. मार्च २०२१ मधे आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने ते अधिकृतपणे मोडीत काढलं, पायथन ३.१० पासून डीफॉल्टच किमान १.२ आहे. समोरचं मशीन खरंच जुनाट असेल आणि दुसरा इलाजच नसेल तर त्या एका सेशनपुरतं करा, सगळ्या सिस्टीमला नको.

पाचवा, 'लेट्स एन्क्रिप्ट फुकट म्हणून फेल होतं'. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था, पण फुकटाचा काय संबंध? ३० सप्टेंबर २०२१ ला त्यांच्या चेनमधला जुन्या डीएसटी रूटची मुदत संपली आणि ओपनएसएसएल १.०.२ वर बसलेले अडकले, उपाय अपडेट हाच.

ज्यांनी पहिला उपाय आधीच टाकलाय त्यांनी आज कोडमधे व्हेरिफाय=फॉल्स शोधा, काढा, आणि ज्या एपीआय की त्या वाटेने गेल्यात त्या बँकेकडून बदलून घ्या.